करवंदीच्या जाळीतली मांजरं

२ डिसेंबर २००१, रविवार

सावळाराम आज पुन्हा येऊन गेला. मातीच्या चपलांसकट ओट्यावर बसला, बागेकडे बघितलं आणि म्हणाला, "आक्का, लोकं बंगल्याला लॉन करत्यात, गुलाब लावत्यात. तू पैसं घालून रान वाढीवलं."

हा माझा लांबचा चुलतभाऊ. वडिलांच्या वाटणीचे वीस गुंठे मी त्याला विकले नाहीत, त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक झाडात त्याला खोट दिसते. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढून मी इथे घर बांधलं ते लॉनवर खुर्ची टाकून बसायला नाही. जुन्नरच्या एका नर्सरीवाल्याने क्रोटनचे आणि विलायती गवताचे फोटो आणले होते. चहा पाजून त्याला परत पाठवला. मला इथल्याच मातीतली झाडं हवी होती. करवंद, निर्गुडी, धायटी, कुडा, उंबर, पांगारा. माझ्याकडे कामाला येणाऱ्या लंकाबाईचं माहेर मढ गावाकडचं. तिने आणि मी तिकडच्या डोंगरातून बिया आणि रोपं आणली. उंबराखाली दगडी डोणी ठेवली, ती लंकाबाई रोज पाण्याने भरते. आज माझ्याकडे मुंगूस येतं, बुलबुल तर घरचेच झालेत, आणि गच्चीवरून लेण्याद्रीची लेणी बघताना मधे एक तरी हिरवी गोष्ट दिसते जी ऊस नाही.

"ती करवंदीची जाळी तेवढी तोड," सावळाराम म्हणाला. "वाघरू बसंल त्यात."

"वाघरू तुझ्या उसात बसतं. पेपरात रोज येतंय, बिबट्या दिसला म्हणून."

"आन् ऊस तोडल्यावर कुठं जाईल?"

"तुझ्या घरी. तुझी बायको चांगली सुगरण आहे."

तो हसला नाही. मला त्याचं न हसणं आवडलं नाही. हसणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही.

७ डिसेंबर, शुक्रवार

सावळारामच्या खालच्या वावरात ऊसतोड सुरू झाली. दिवसभर कोयत्यांचा आवाज आणि पाचटाची धूळ. माझा कुत्रा, ड्यूक, सारखा त्या बाजूला तोंड करून भुंकतो. संध्याकाळी मात्र गप्प झाला आणि माझ्या खाटेखाली शिरला. कुत्र्याला कुणी दटावलं असेल तर तो असं करतो.

११ डिसेंबर, मंगळवार

ड्यूक काल दिवेलागणीला बाहेर गेला तो आला नाही.

सकाळपासून हाका मारते आहे. लंकाबाई म्हणाली, "बाई, हाका मारू नका आता." मी विचारलं, का? तर केर काढत राहिली.

मला कळतं का ते. विष घातलं असणार. आधी कुत्रं, मग बाई, मग वीस गुंठे. पोलीस चौकीत जाऊन आले. हवालदार म्हणाला, "बाई, कुत्र्याची तक्रार कुठल्या कलमात घ्यायची?" मी त्याला सांगितलं की आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर ॲग्नेसनी असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं असतं. त्याने मला चहा मागवला. मी घेतला नाही.

रात्री दाराला आतून खुर्ची लावली. सिस्टर म्हणायच्या, भीती वाटली की पाठ ताठ करा. खुर्चीला पाठ टेकून ती ताठच होती.

१५ डिसेंबर, शनिवार

काल अंधार पडता पडता कुणीतरी करवतीने लाकूड कापत होतं. माझ्या कुंपणालगत, अगदी जवळ. खर्र, खर्र, खर्र. पाचसहा ओढी, मग थांबायचं. पुन्हा तेवढंच, थोडं पुढे सरकून. मी घरातले सगळे दिवे लावले तेव्हा बंद झालं.

सकाळी एकूण एक झाड तपासलं. कुठे ओरखडासुद्धा नाही. म्हणजे मला घाबरवायलाच. माझे कान चुकत नाहीत. सारी नोकरी मी कानांवर केली. पलीकडचा माणूस खोटं बोलतोय हे तो "हॅलो" म्हणायच्या आधी, श्वासावरून ओळखायची. ही करवत होती. जुनी, बोथट.

१८ डिसेंबर, मंगळवार

किती दिवसांनी चांगलं काही लिहायचं आहे!

करवंदीच्या जाळीत रानमांजराने पिल्लं ठेवली आहेत. दोन. वाकून बघितलं तर पानांतून निळसर डोळे. अंगावर काळे ठिपके, कान गोल, पंजे तर अंगाच्या मानाने इतके मोठे की थोरल्या भावाचे बूट घातल्यासारखे. मला बघून फिस्कारली. इवलाली आणि केवढी घमेंड! मला एकदम आवडली.

काही वर्षांपूर्वी इथे बांधकामाची खडी होती. आज रानातलं जनावर विश्वासाने पोरं ठेवून गेलं. सावळारामच्या तोंडावर सांगावंसं वाटतं. पण सांगणार नाही. लंकाबाईलाही नाही. तिच्या पोटात गोष्ट राहते, पण तिच्या लेकीच्या राहत नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार

पुरावा मिळाला. कुंपणाच्या खिंडीशी ओल्या मातीत टायरच्या चपलांचे ठसे. रोज तिथे कुणी उभं राहतं. काल संध्याकाळी गच्चीवर दिवा न लावता बसले. लंकाबाई काम आटपून खिंडीतून निघाली आणि तिच्या मागोमाग, थोडं अंतर ठेवून, सावळाराम! एका हातात बॅटरी, दुसऱ्यात पत्र्याचा डबा. तिच्या वस्तीपर्यंत गेला आणि परत येऊन माझ्या खिंडीशी उभा राहिला. घरात सुना-नातवंडं असलेला माणूस. हे चाळे!

आता पुरे. आमच्या भावकीत वाट अडवणं म्हणजे काय हे तोही जाणतो. त्याच्या आजोबांनी माझ्या आजोबांची विहिरीची वाट अडवली होती, त्यावरून दोन्ही घरं वर्षानुवर्षं एका पंगतीत बसली नाहीत. आज सकाळी दोन गडी लावून मी खिंडीत बाभळीच्या फांद्या रचल्या, वरून काटेरी तार ओढली.

लंकाबाई बघत होती. "मी कुठनं जाऊ, बाई?"

"उसाच्या कडेने. जरा लांब पडेल, एवढंच."

"उसाच्या कडेनं व्हय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

आणि पिल्लं. त्याची दोन कुत्री मोकाट फिरतात. पिल्लांची आई दिवसभर दिसत नाही. अशी कसली आई! मी बागकामाचे हातमोजे घालून दोघांना टोपलीत घेतलं आणि मागच्या पडवीतल्या कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात ठेवलं. जाळी भक्कम आहे, कडी घातली, वरून गोणपाट. एकाने मोज्यातून नख लावलं. रक्त आलं. टिंक्चर लावताना मला हसू येत होतं.

२४ डिसेंबर, सोमवार

दूध बशीतून पीत नाहीत. कापसाच्या बोळ्याने पाजते. धाकटं चटकन शिकलं. थोरलं मला चावायचं बघतं आणि मग दूध पितं.

शाळेत आज कॅरल्स असायची. इथे करवत आहे. आता ती पडवीच्या मागच्या भिंतीशी येते. मी रेडिओ मोठा केला तरी ऐकू येते, कारण ती नुसती कानाने ऐकू येत नाही, खाटेच्या पायातून वर येते. पिल्लं तेवढ्या वेळात बारीक आवाज करतात. बिचारी माझ्यासारखीच घाबरतात.

खुर्चीच्या जोडीला आता दाराशी धान्याची कोठीही सरकवली आहे.

२७ डिसेंबर, गुरुवार

लंकाबाईला आता चारलाच घरी जायचं असतं. काल सरळ भांडली.

"पडवीत वास कसला येतोय, बाई?"

"उंदीर मेला असेल."

"उंदराचा वास मला ठाव नाय व्हय? आन् अर्धा लिटर दूध रोज कुठं जातंय? च्याला तर तुमी थेंब घालता."

"माझं दूध, माझा चहा, माझी पडवी. तू धुणं बघ."

तिने बादली आपटली. जाताना डोणीजवळ थांबून मातीकडे बघत उभी राहिली. मला हाक मारून म्हणाली, "हे बघा. वाघराचं पाऊल. नखं उमटली न्हाईत."

मी बघितलं. मोठं, गोल. "सावळारामच्या कुत्र्याचं," मी म्हणाले.

"त्याची कुत्री कवाच मेली. पंधरा दीस झालं. तुमाला कुणी सांगितलं नाय?"

मला कोण काय सांगतं! त्याने स्वतःचीही कुत्री मारली असतील तर माणूस कुठल्या थराला गेला आहे! रात्रभर डोळा लागला नाही. उसाच्या बाजूला तो फटाके वाजवत होता, डबा बडवत होता. वेडाच झाला आहे. आणि मी त्याच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर, एकटी.

१ जानेवारी २००२, मंगळवार

लंकाबाई आज उशिरा निघाली. मीच थांबवलं. गोधड्या राहिल्या होत्या.

ती गेल्यावर थोड्याच वेळात उसाकडून आरडाओरडा. बाईमाणसाची किंकाळी, मग पुरुषांचे आवाज, पत्रे, फटाके. नवं वर्ष. दारू पिऊन धिंगाणा. सावळारामचा आवाज सगळ्यात मोठा होता, माझं नाव घेत होता, "आक्का, दार उघड! आक्का, जीप पायजे, फोन लाव!" इथे फोन फक्त माझ्याकडे आहे हे त्याला ठाऊक. दार उघडायला लावायची चांगली युक्ती.

मी दार उघडलं नाही.

२ जानेवारी, बुधवार

लंकाबाईला वाघराने धरलं.

हे वाक्य लिहून बराच वेळ झाला.

उसाच्या कडेने जाताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती वाकली. मागून खांद्यावर झेप आली. सावळाराम रोजच्यासारखा मागे होता. डबा बडवत, शिव्या देत तो सरळ धावून गेला म्हणून सुटली. मग बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून दुधाच्या टेम्पोने जुन्नर. जीपला फोन करता आला असता तर तिचं तेवढं रक्त गेलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मला उद्देशून नाही म्हणाले. त्यांना काय माहीत!

खांद्यापासून कोपरापर्यंत टाके. झोपली होती. तिची लेक माझ्याकडे बघतही नव्हती.

व्हरांड्यात वनखात्याचा माणूस सावळारामला विचारत होता. "बिबट्याची मादी आहे. इतकी जवळ येऊन, इतकी चिडून करतेय म्हणजे पिल्लं कुणीतरी उचललीत. ऊसतोडीत कुणाला सापडली का? पोरं खेळायला नेतात, मांजराची समजून."

सावळाराम म्हणाला, "माझ्या वावरात तर नाय घावली."

मी पाठ ताठ करून उभी होते. "ती ओरडते का?" मी विचारलं.

"ओरडते ना. बोलावते पिल्लांना. लाकडावर करवत चालवल्यासारखा आवाज येतो बघा."

घरी आले. गोणपाट बाजूला केलं. गोल कान. थोरल्या भावाचे बूट. किती दिवस बघत होते मी त्यांच्याकडे! इतक्या जवळून, चष्मा लावून.

माझ्या पडवीच्या भिंतीपलीकडे, माझ्या खाटेपासून एका हातावर, ती रोज येऊन उभी राहत होती. आणि मी रेडिओ मोठा करत होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कुणाला सांगावं? गावात कळलं तर काठ्या-कुऱ्हाडी घेऊन येतील, आधी पिल्लं मारतील, मग बाग पेटवतील. कदाचित बरोबरही असेल त्यांचं. वनखात्याच्या कचेरीत फोन लावला, कुणी उचलला नाही. त्या माणसाला गाठायला जुन्नरला परत जायचं तर त्या उसावरून. आणि ती आज अंधार पडला की येणार. उद्या कुणीतरी दुसरी बाई चपलेसाठी वाकेल.

ऊन असतानाच सावळारामच्या घरी गेले. जन्मात दुसऱ्यांदा. त्याच्या हाताला पट्टी होती. मी एका दमात सांगितलं.

"आक्का, तू वाघराची पोरं बोळ्यानं दूध पाजून वाढीवतीस?"

"रानमांजराची वाटली."

"कॉन्व्हेंटात मांजर शिकवत नव्हतं का?" तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "लंकी त्यापायी..."

"हो."

तो आत गेला. मला वाटलं कुऱ्हाड आणायला. बाहेर आला तेव्हा हातात कोयता आणि एक पट्टा होता. ड्यूकचा. "उसात घावला व्हता. तुला दिला न्हाई. एकटी ऱ्हातीस, आणखी भिशील म्हनून."

पट्टा घेतला. विषाचं मी त्याला काही बोलले नाही.

तो पुढे चालत होता, मी मागे. खिंडीतल्या बाभळीच्या फांद्या त्याने कोयत्याने ओढून काढल्या; तार मी सोडवली. काटे दोघांच्याही हातात गेले. मग खुराडं उचलून करवंदीच्या जाळीशी नेलं. धाकटं माझ्या बोटाला चाटत होतं. दार उघडं टाकलं आणि घरात आलो. दिवे लावायचे नाहीत, रेडिओ नाही. सावळाराम दाराशी कोठीला टेकून बसला. "ही कोठी इथं कशाला?" त्याने विचारलं.

"तू येशील म्हणून."

त्याने कोयता मांडीवरून खाली ठेवला.

आता मी खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात हे लिहिते आहे. उजेड संपत आला. अक्षर बघून सिस्टरांनी छडी काढली असती.

करवत सुरू झाली. खिंडीशी आहे.

३ जानेवारी, गुरुवार

ती पावलांचा आवाज न करता आली. मला दिसली ती फक्त पाठ, डोणीच्या उंचीची, लांबच लांब, संपेचना. घरासमोर थांबली आणि खिडकीकडे बघितलं. मी श्वास घेतला नाही. सावळारामने माझं मनगट धरलं होतं. सकाळी तिथे त्याच्या बोटांचे वळ होते. मग करवंदीशी गेली. एक पिल्लू तोंडात धरून खिंडीतून गेली, आणि दुसरं मागे ओरडत राहिलं. किती वेळ ओरडत राहिलं! ती परत येणार नाही अशी माझी खात्री होत चालली. मला उठून जाऊन त्याला घ्यावंसं वाटत होतं. सावळारामला ते कळलं असावं. "आक्का," तो नुसतं ओठांनी म्हणाला, "बस खाली."

ती परत आली. न्यायच्या आधी त्याला चाटत बसली, माझ्या हाताचा वास निघेपर्यंत असावं.

सकाळी खुराडं रिकामं. डोणी तळापर्यंत रिकामी. सावळाराम जाताना करवंदीकडे बोट करून म्हणाला, "आता तरी तोड." मी म्हणाले बघते. खिंड मात्र परत बुजवली नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

लंकाबाई कामाला आली. येऊ नको म्हणून निरोप पाठवला होता, तरी आली. हात गळ्यात अडकवलेला. खिंडीतून आत शिरायच्या आधी बाहेर थांबून मोठमोठ्याने बोलत होती, "आले गं बाई, आले, मी लंका, बाजूला व्हय!" मला वाटलं मलाच; ती सांगत होती वाघराला.

ओट्यावर बसली. मी चहा केला, दूध घालून. मला जे बोलायचं होतं ते मी इतके दिवस मनात घोकलं होतं. तोंड उघडलं तर म्हणाले, "साखर बरोबर आहे का?"

"सावळाभाऊनं समदं सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाई एकट्या हाईत, चोरून दूध पित्यात. म्हातारपणाची हौस." हसली, आणि खांदा दुखला म्हणून थांबली. मग कपातच बघत म्हणाली, "माजं पोर कुणी कोंडलं असतं तर मीबी धरला असता एखादा. पन बाई, तुमी उसाच्या कडेनं जा म्हनलात तवा मी नको म्हनले व्हते."

"तू नको म्हणाली नव्हतीस. तू नुसतं 'व्हय' म्हणालीस."

"तेच नको व्हतं."

आवाजावरून माणूस ओळखणारी मी. मी तिचा कप उचलून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

करवंदीची जाळी तिच्यासमोर बसून निम्मी तोडवली. वाटेच्या बाजूची. उरलेल्या निम्म्यात बुलबुल आहेत. ती म्हणाली, राहू द्या. सावळाराम म्हणाला, मूर्ख आहात दोघी.

आता रोज दिवेलागणीला मी स्वतः लंकाबाईला वस्तीपर्यंत सोडते. जाताना दोघी असतो, तोंडाला तोंड असतं. येताना मी एकटी. भीती अजून तेवढीच आहे. वाकायचं नाही, पाठ ताठ, आणि मोठ्याने बोलत यायचं. म्हणून मी बोलते. उसाला, अंधाराला, त्या मादीला. तिच्या घर सांभाळण्याच्या पद्धतीवर बोलते, पोरांना वळण नाही म्हणून बोलते, ड्यूकचा हिशेब काढते. सिस्टर ॲग्नेसनी ऐकलं तर कान धरतील असेही शब्द वापरते.

बांधावर सावळारामची बॅटरी दिसते. मी मधेच थांबले तर तो लगेच डबा वाजवतो, म्हणजे मला पुन्हा सुरू करावं लागतं. माझ्या दाराची कडी वाजेपर्यंत त्याचा उजेड हलत नाही.

आज घरात शिरून मी मुद्दाम कडी लावली नाही. बघू किती वेळ उभा राहतो. बराच वेळ उभा होता. मग मलाच भीती वाटली, आणि मी कडी जोरात लावली.